अंगणातल्या ताईचा नोंदणी क्रमांक

कर्जत सोडून गाडी बोरघाट चढू लागली की पळसदरी, जांबरुंगनंतर ठाकुरवाडी लागते. रेल्वेच्या कामापुरते ते ठिकाण; प्रवासी तिथे उतरत नाहीत. मुंबई-पुण्याच्या अनेकांना ठाकुरवाडी ठाऊक आहे ती खिडकीतून दिसणाऱ्या पाटीवरून. पण कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी हे एकाच जागेचे नाव नाही. माथेरानच्या उतारांवर, भीमाशंकरच्या पायथ्याकडे, इर्शाळगडाच्या अंगाखांद्यावर ठाकर आदिवासींची वीस-पन्नास घरे जिथे टेकली, तिथे ठाकुरवाडी झाली. खालच्या गावाचे नाव पुढे लावून ती ओळखायची, किरवली ठाकुरवाडी म्हणतात तशी. कितीतरी वाड्यांना अजून धड रस्ता नाही. इर्शाळवाडी कुठे आहे हे महाराष्ट्राला कळले ते 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड कोसळल्यावर. बचाव पथके पावसात डोंगर चढून गेली तेव्हा या वाटा टीव्हीवर दिसल्या. वाडीतली माणसे त्या वाटांनी रोज चढत-उतरत होती.

अशा वाडीत जन्मलेल्या मुलाला पहिल्या सहा वर्षांत सरकार भेटते ते तीन बायकांच्या रूपात. उपकेंद्राची नर्स, आशा आणि अंगणवाडीची ताई. नर्स एएनएमचा अभ्यासक्रम करून आलेली असते आणि तिचे नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत असते. कर्जतच्या बाजारपेठेत औषधाचे दुकान चालवायचे तर नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. बैलाला तपासणाऱ्या पशुवैद्यालाही नोंदणी क्रमांक असतो. विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवायचे तर 1992 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. मूल तीन वर्षांचे झाल्यापासून रोज काही तास ज्या ताईच्या हवाली असते, तिच्या व्यवसायाची नोंदवही मात्र महाराष्ट्रात अस्तित्वात नाही. तिच्याजवळ नेमणुकीचा आदेश असतो, पोषण ट्रॅकरचे लॉगिन असते, भिंतीवर वजनाचे तक्ते असतात. ती बालशिक्षण जाणते, याची नोंद राज्यात कुठेही ठेवलेली नसते. केंद्र सुटले की तिचा वीस वर्षांचा अनुभवही कागदावरून सुटतो.

ही नोंदवही आता झाली पाहिजे आणि तिच्यासोबत पात्रतेचे निकषही ठरले पाहिजेत. पण ते ठरवताना ठाकुरवाडीची बाई नजरेसमोर ठेवली नाही, तर ज्या मुलांसाठी हा खटाटोप करायचा त्यांच्याच दारातून ताई उठून जाईल.

अंगणवाडी हा शब्द घडला तोच मुळी अशा वाड्यांत. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केले, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, पुढे दादरला शिशुविहार निघाले. तोवर बालशिक्षण ही शहरी, शिकलेल्या घरांची गोष्ट होती. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांसाठी काम वाढले. बालवाडी बांधली तरी मुले येईनात. कुणी गुरांमागे असे, कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. तेव्हा या दोघी बालवाडीच घेऊन पाड्यात गेल्या आणि एखाद्या झोपडीपुढच्या सारवलेल्या अंगणात ती भरवू लागल्या. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली. पाने, बिया, शिंपले, माती हीच साधने. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्राने देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना याच अंगणाचे नाव मिळाले. आज महाराष्ट्रात अशी एक लाखाहून अधिक केंद्रे आहेत.

कोसबाडचे नाव घेतले, पण तिथली एक गोष्ट मागे राहिली. अनुताई बोर्डीला आल्या त्या प्राथमिक शाळेत शिकवण्याचा अनुभव घेऊन. बालवयात वैधव्य आलेली, हट्टाने शिकून शिक्षिका झालेली ही बाई; बालशिक्षण मात्र त्या ताराबाईंच्या हाताखाली, काम करता करता शिकल्या. म्हणजे प्रशिक्षण हे या कामाचे हाड होते. पाड्यावर बसून गाणी म्हणणे कुणालाही जमेल, असे या दोघींनी कधीच मानले नाही. पण शिक्षण आधी पदरात असेल तरच अंगणात पाऊल टाका, अशी अटही त्यांनी घातली नाही. शिकवण्याची जबाबदारी संस्थेने उचलली. सरकारने नाव उचलले, अंगण उचलले आणि ही जबाबदारी तिथेच राहिली.

कायद्यातली फट इथूनच पडते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 23 नुसार शिक्षकाची किमान पात्रता ठरते, राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने 23 ऑगस्ट 2010 ला ती अधिसूचित केली आणि शिक्षक पात्रता परीक्षा आली. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. तीन ते सहाच्या मुलांसाठी त्यात एकच कलम आहे, अकरावे. सरकारने त्यांच्या मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करावी असे ते सुचवते, बंधन घालत नाही. त्यामुळे सहावा वाढदिवस झाला की मुलाला पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले गुरुजी मिळण्याचा हक्क लाभतो. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्याला कोण शिकवते याबद्दल कायदा गप्प असतो. आणि मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधीच होते, असे 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वतःच सांगते.

अंगणवाडीत पात्रता मुळीच नाही, असे मात्र नाही. पूर्वी दहावीवर सेविका आणि सातवीवर मदतनीस होता येत असे. केंद्राच्या सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0 च्या 2022 मधल्या सूचनांनी दोघींनाही बारावीची अट घातली आणि 2023 मध्ये राज्याने ती लागू केली. वय 18 ते 35, विधवेला 40 पर्यंत सवलत, बाई स्थानिक रहिवासी हवी. निवड गुणांवर होते आणि शंभरांतले ऐंशी गुण शैक्षणिक पात्रतेला मिळतात. वरवर पाहता हे चोख वाटते. मुलाखत नाही, म्हणजे वशिला नाही. पण ठाकुरवाडीत या गणिताचा अर्थ काय होतो?

ठाकरांच्या मुली शिकतात त्या बहुधा आश्रमशाळेत, पाथरजला, भालिवडीला. दहावीनंतर पुढची वाट कर्जत, नेरळ किंवा खोपोलीकडे उतरते. वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाही तर रोजची पायपीट आणि टमटमचे भाडे. घरी भातलावणी असते, नाचणी-वरईचा उतार असतो, धाकटी भावंडे असतात. बारावीला बसलेली मुलगी वाडीत असतेच, पण एखादी. आणि गुणांची शर्यत लागली की त्याच महसुली गावातली, खालच्या रस्त्यालगतची पदवीधर मुलगी पुढे जाते. तिचा यात काही दोष नाही. तिलाही नोकरी हवी आहे आणि तिने अभ्यास केला आहे. पण वाडीवर ती सकाळी चढून येणार आणि दुपारी उतरणार. पावसाळ्यात ओढा भरला की त्या दिवशी केंद्र बंद.

आणि बोलीचे काय? ठाकरांची बोली सरकारदरबारी मराठीतच जमा होते. मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणारी मुले केंद्रात जास्त असतील तर सेविकेला ती भाषा यावी, असा नियम आहे. या वाडीला त्याचा उपयोग होत नाही, कारण कागदावर इथे सगळेच मराठी. प्रत्यक्षात तीन वर्षांचे पोर आईच्या बोलीत रडते, मागते, गोष्ट सांगते. ती बोली न कळणाऱ्या पदवीधर बाईपुढे ते गप्प बसते आणि ‘मूल लाजाळू आहे’ असे म्हणत सगळे पुढे सरकतात. बारावीच्या गुणपत्रिकेत या मुलाशी बोलता येण्याला एकही गुण नाही. मूल का रडते, भुकेने की तापाने, हे ओळखण्यालाही नाही. बारावी झालेल्या मुलीने भूगोल वाचलेला असतो, हिशेब वाचलेला असतो. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात कात्री कधी द्यावी, दोन वर्षांचे मूल बोलत नसेल तर केव्हा काळजी करावी, हे तिला कुणी शिकवलेले नसते. म्हणजे सध्याचा निकष दोन्हीकडून चुकतो. ज्या शिक्षणाचा या कामाशी थोडका संबंध आहे ते तो काटेकोरपणे मोजतो, आणि ज्याचा पूर्ण संबंध आहे ते मोजतच नाही.

शैक्षणिक धोरणाने हे ओळखले होते. बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कमी शिकलेलीला बाहेर काढायचे नाही, तिला जास्त शिकवायचे. कोसबाडचाच हा विचार. 10 मे 2023 ला केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ जाहीर केले, पुढच्या वर्षी तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ आणि त्याहून धाकट्यांसाठी ‘नवचेतना’ ही पुस्तके आली. महाराष्ट्राचा ‘आकार’ अभ्यासक्रम तर त्याआधीपासून आहे आणि तो चांगला आहे. मात्र या नव्या कार्यक्रमातले सेविकेचे प्रशिक्षण तीन दिवसांचे. कुठे सहा महिने आणि कुठे तीन दिवस! तीन दिवसांत बाई तालुक्याला येते, पडद्यावर चित्रे पाहते, पिशवीत पुस्तक घेऊन परत चढते. सोमवारपासून पुन्हा वजने, दंडघेराच्या पट्ट्या, गृहभेटी, घरपोच आहाराची पाकिटे. आता लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलला ओळखता आला तरच आहाराची नोंद होते, आणि वाडीत रेंज एखाद्या दगडावर उभे राहिल्यावर मिळते. बालशिक्षणाचा तास सर्वांत शेवटी उरतो, उरला तर.

या साऱ्यासाठी तिला जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभरच्या सेविका-मदतनीस पन्नास दिवसांहून अधिक काळ संपावर होत्या. त्यानंतरच्या वर्षी वाढ होऊन सेविकेचे मानधन 13,000 आणि कामगिरीनुसार 2,000 पर्यंत प्रोत्साहन भत्ता असे ठरले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या खटल्यात अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत असे म्हटले होते. 25 एप्रिल 2022 च्या गुजरातच्या खटल्यात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आणि तो देताना पूर्वप्राथमिक शिक्षणाचे त्यांचे काम विचारात घेतले.

नोंदणीचा विषय इतकी वर्षे का रखडला, याचे उत्तर इथे सापडते. पात्रता ठरवली, अभ्यासक्रम दिला, क्रमांक दिला, की त्या बाईला मानसेवी म्हणणे अवघड होते. नर्सला कुणी मानसेवी म्हणत नाही. व्यवसाय मान्य केला की वेतनश्रेणी आली, रजा आली, निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला. तिजोरीवर त्याचा भार पडेल, हे खरे आहे आणि ते उघड मांडून त्यावर चर्चा व्हावी. पण भार टाळण्यासाठी बाईला अर्धशिक्षित ठेवणे आणि मग तिच्या अर्ध्या शिक्षणाकडे बोट दाखवून मानधन अर्धे ठेवणे, हे न्यायाला धरून नाही.

दुसरीकडे डोंगर उतरून कर्जत, नेरळ, खोपोलीत आले की निराळेच दृश्य. भाड्याच्या गाळ्यात, बंगल्याच्या तळमजल्यावर, रंगीत भिंतींच्या नर्सऱ्या आणि प्ले ग्रुप. मुंबईकडून सरकत आलेल्या वसाहतींत आईबाप दोघेही लोकलने कामाला जातात, त्यांना या केंद्रांची गरज आहे. तिथे शिकवणाऱ्या मुलीला बारावीचीसुद्धा अट नाही. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या नियमांत पूर्वप्राथमिकची दोन वर्षांची पदविका आहे, पण तीच धारण करणारी बाई नेमावी असे या केंद्रांना बंधन नाही. 2025 मध्ये शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना संकेतस्थळावर नोंदणी करायला सांगितले. उशिरा का होईना, ते योग्य झाले. पण ती नोंद केंद्राची आहे. केंद्रातल्या बाईचे प्रशिक्षण, तिची ओळख, तिच्याबद्दलच्या तक्रारी यांची नोंद अजून बाकीच आहे. कर्जतपासून लोकलने जेमतेम अर्ध्या तासावरच्या बदलापुरात ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, लोक रुळांवर उतरले, आणि मग कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचे आदेश निघाले. लहान मुलांजवळ कोण असते याची नोंद आधीपासून असावी, यासाठी आणखी कशाची वाट पाहायची?

इतर देशांनी यातून वाट काढली आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने 2007 मध्ये बालशिक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यांची परिषद स्थापन केली. तिथे नोंदणी असल्याशिवाय ‘बालशिक्षक’ ही उपाधी लावता येत नाही, नोंदवही कुणालाही पाहता येते आणि तक्रार आली तर परिषद चौकशी करते. ऑस्ट्रेलियाने 2014 पासून केंद्रातल्या निम्म्या कर्मचाऱ्यांकडे पदविका असावी किंवा त्या ती करत असाव्यात, असा नियम केला. ‘करत असाव्यात’ हे शब्द आपल्यासाठी मोलाचे आहेत. काम करता करता शिकण्याला त्यांनी नियमातच जागा दिली. ओंटारिओचा अनुभव आणखी एक सांगतो: क्रमांक मिळाला म्हणून मजुरी आपोआप वाढत नाही. नोंदणी आल्यावर कितीतरी वर्षांनी, 2022 मध्ये, सरकारला या शिक्षिकांसाठी किमान मजुरी वेगळी ठरवावी लागली. महाराष्ट्राने हे दोन्ही एकत्र करावे.

जुन्या माणसांवर नवी अट लादली की काय होते, तेही आपण नुकतेच पाहिले. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले आणि राज्यभरच्या शिक्षकांत खळबळ उडाली. निकालाच्या गुणदोषांत न शिरताही एवढे दिसते की पात्रतेचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवला की तो एके दिवशी पन्नाशीच्या माणसाच्या दारात येऊन उभा राहतो. सेविकांच्या बाबतीत हे टाळता येईल, कारण इथे पाटी अजून कोरी आहे.

मग करायचे काय? राज्याने बालशिक्षण-संगोपन परिषद कायद्याने स्थापावी आणि अंगणवाडी, खासगी नर्सरी, पाळणाघर असा भेद न करता तिन्हीकडच्या बायकांची एकच नोंदवही ठेवावी. नोंदवहीला पायऱ्या असाव्यात. आज काम करणारी प्रत्येक सेविका आणि मदतनीस, ती सातवी असो की पदवीधर, पहिल्या पायरीवर विनाशुल्क, विनापरीक्षा यावी. ओळख आणि पडताळणी एवढेच त्या पायरीला पुरे. पुढच्या पायऱ्या अभ्यासक्रमाच्या आणि प्रत्यक्ष कामाच्या निरीक्षणाच्या. प्रत्येक पायरीला मानधनात ठरावीक वाढ. क्रमांक बाईचा असावा, केंद्राचा नसावा, म्हणजे ती लग्न होऊन खालापुरातून कर्जतला गेली तरी तिची वर्षे तिच्याबरोबर जातील. आणि आदिवासी वाड्यांत मुलांची बोली येणे ही पात्रता धरावी, गुण देऊन धरावी. कर्जत-खालापूरचा रायगड जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे अनुसूचित क्षेत्रातल्या स्थानिक आदिवासींना काही पदांवर मिळणारे संरक्षण इथल्या ठाकर-कातकऱ्यांना लाभत नाही. म्हणून इथे हा नियम राज्याने वेगळा करायला हवा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. निकष सैल केले तर गरिबाच्या मुलाला कमी शिकलेली बाई आणि श्रीमंताच्या मुलाला पदविकाधारक, अशी दुफळी कायम होईल. ती होऊ नये म्हणूनच प्रवेशाची अट आणि टिकण्याची अट वेगळी ठेवायला हवी. आत येताना बोली, वाडीतले राहणे आणि दहावी पुरे. पण आल्यावर ठरावीक वर्षांत पदविका पूर्ण झालीच पाहिजे आणि ती पूर्ण करून घेणे ही सरकारची जबाबदारी. बाई मागे राहिली तर प्रश्न आधी प्रकल्प कार्यालयाला विचारावा.

सुरुवात कर्जत-खालापुरातूनच करता येईल. पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग आहे. मे महिन्यात आश्रमशाळांच्या खोल्या रिकाम्या असतात, मुलींची वसतिगृहे रिकामी असतात. पहिले वर्ग तिथे भरावेत, निवासी, लेकुरवाळीला मूल सोबत आणण्याची सोय ठेवून. शिकवायला या तालुक्यांतल्याच जुन्या, हाताला वळण असलेल्या सेविका घ्याव्यात. आणि पहिली यादी मदतनिसांची करावी. सेविकांची निम्मी पदे पाच वर्षे अनुभव असलेल्या मदतनिसांतून बढतीने भरावीत, असे केंद्राच्या सूचनाच सांगतात. पण बारावीअभावी वाडीतली मदतनीस तिथेच अडते. तिला बाहेरून बारावीला बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म भरायला मदत करावी, परीक्षा शुल्क आदिवासी विकास विभागाने भरावे, अभ्यासासाठी आठवड्यातली एक दुपार मोकळी द्यावी. ती गेली दहा वर्षे त्या केंद्रात खिचडी शिजवते आहे, मुलांचे नाक पुसते आहे, आणि ताई सभेला गेली की गोष्टही तीच सांगते.